अहवालात नसलेला रकाना

घरांचे मूल्यांकन करणे हा माझा व्यवसाय आहे. गेल्या 22 वर्षांत मी किती घरांत शिरले असेन याची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण प्रत्येक घरात जाताना हातात असलेला नमुना जवळपास तोच राहिला आहे. जागेचे क्षेत्रफळ, बांधकामाचे वय, भिंतींची आणि छताची स्थिती, ओल, तडे, पाण्याची आणि विजेची सोय, उजेड, रस्ता, आसपास अलीकडे विकली गेलेली घरे आणि त्यांचे भाव, एवढे रकाने भरले की शेवटी एक आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. मालक घर का विकत आहे, या प्रश्नाला त्या नमुन्यात जागा नाही, आणि ती चुकून राहिलेली नाही. आमच्या व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय मानकांतील बाजारमूल्याच्या व्याख्येत असे गृहीत धरलेले असते, की खरेदीदार आणि विक्रेता दोघेही स्वेच्छेने, पुरेशा माहितीनिशी, विचारपूर्वक आणि कोणत्याही सक्तीविना व्यवहार करत आहेत. सक्तीची विक्री हा त्या मानकांच्या लेखी मूल्याचा वेगळा प्रकारच नाही. ते केवळ विक्रेत्यावर ओढवलेल्या परिस्थितीचे वर्णन आहे.

व्यवसायाची शिस्त म्हणून मला हे पूर्णपणे मान्य आहे. घराचे मूल्य घरावरून ठरावे, मालकाच्या अडचणीवरून ठरू नये. पण मी लिहिलेला आकडा आणि नंतर त्या मालकाच्या हाती प्रत्यक्ष पडलेली रक्कम यांत जे अंतर मला वर्षानुवर्षे दिसत आले आहे, ते बहुतेक वेळा त्या नसलेल्या रकान्यातून आलेले असते. विकण्याचे कारण हातात वेळ किती आहे हे ठरवते आणि वेळ किती आहे त्यावर भाव ठरतो. ज्याला आठ महिने थांबता येते आणि ज्याला सहा आठवड्यांत पैसे उभे करायचे आहेत, त्या दोघांची घरे विटेला वीट सारखी असली तरी ते दोघे एकाच बाजारात उभे नसतात. म्हणून आज त्या रकान्याविषयी लिहावेसे वाटते.

मी कारण विचारत नाही. तरीही लोक ते सांगतात, आणि बहुधा दोनदा सांगतात. पहिले उत्तर मी फीत लावून खोल्या मोजत असताना येते: घर लहान पडते, घर मोठे पडते, कामाचे ठिकाण लांब आहे, सध्या भाव चांगला आहे. दुसरे उत्तर काम आटोपून मी दाराशी पोहोचल्यावर येते. ते हळू आवाजात आणि पुष्कळदा अर्धवट असते, आणि पहिल्या उत्तरापेक्षा वेगळे असते. पहिले उत्तर खोटे असते असे मी म्हणणार नाही. ते घराविषयीचे असते, दुसरे माणसांविषयीचे. इतक्या वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे, की घर विकण्याचे कारण घरात क्वचितच सापडते. त्या घरात राहणाऱ्यांच्या आयुष्यात काहीतरी आधीच बदललेले असते, आणि विक्री हा त्या बदलाचा शेवटचा, कागदावर उतरलेला भाग असतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पीटर रॉसी यांनी फिलाडेल्फियातील कुटुंबांचा अभ्यास करून 1955 मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो याच्या जवळ जाणारा आहे. कुटुंबे घर बदलतात ती मुख्यतः त्यांची स्वतःची रचना बदलते म्हणून, असे त्यांनी दाखवले. मुले होतात, वाढतात, निघून जातात, आणि प्रत्येक टप्प्यावर जागेची गरज वेगळी होते. घर बदलणे हे अस्थिरतेचे लक्षण नसून जुळवून घेण्याची साधी रीत आहे, हा त्यातला भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण घर विकणाऱ्या माणसाच्या मनात आपण काहीतरी मोडत आहोत अशी अपराधी भावना मला फार वेळा दिसली आहे.

त्यानंतर 1967 मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातील 43 घटनांची एक यादी प्रसिद्ध केली आणि प्रत्येक घटनेला, तिच्याशी जुळवून घेताना माणसाला किती झीज सोसावी लागते त्यानुसार, एक अंक दिला. त्या यादीत राहते घर बदलण्याला अवघे 20 आहेत. जोडीदाराच्या मृत्यूला 100, घटस्फोटाला 73, नोकरी जाण्याला 47, निवृत्तीला 45, मुलगा किंवा मुलगी घर सोडून जाण्याला 29. हे अंक एकमेकांशेजारी ठेवून वाचले म्हणजे माझ्या दाराशी येणारे दुसरे उत्तर कळते. घर सोडण्याचा भार स्वतः 20 चा असतो. पण ज्या कारणाने ते सोडावे लागते, ते कारण यादीच्या वरच्या टोकाला बसलेले असते. घर विकताना लोक रडतात तेव्हा ते त्या वरच्या ओळीसाठी रडतात, आणि आसपासचे लोक मात्र त्यांची समजूत वीट-चुन्याबद्दल काढत राहतात.

घर लहान पडणे हे सर्वांत निरोगी कारण आहे आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दुसरे मूल येते, एखादा नातेवाईक राहायला येतो, घरूनच काम करावे लागते आणि त्याला एक बंद दार हवे असते. अशा मालकांना घाई नसते, ते स्वतः नवे घर शोधत असतात, घासाघीस करतात, नको तिथे नाही म्हणतात, आणि त्यांना मिळालेली रक्कम माझ्या आकड्याच्या जवळपास असते. नोकरीसाठी दुसरीकडे जाणाऱ्यांना रुजू होण्याची तारीख बांधून घेते. त्यांच्याबाबत माझे निरीक्षण एवढेच आहे, की नव्या ठिकाणी आपण टिकणार का हे कळण्याआधीच विकून मोकळे होण्याची त्यांना फार घाई होते, आणि वर्षभर भाड्याने देण्याचा विचार त्यांच्यापैकी फार थोडे जण करतात.

घर मोठे पडणे हे मात्र दिसते तितके साधे कारण नाही, आणि मला सर्वांत जास्त त्याच्याबद्दलच बोलायचे आहे.

म्हाताऱ्या माणसाचे घर मला दारातूनच ओळखू येते. पलंग वरच्या मजल्यावरून खाली बैठकीत आलेला असतो. औषधे, चष्मा, दूरध्वनी आणि पाण्याचे भांडे हाताच्या अंतरावर मांडलेले असते, आणि सगळे घर जणू त्या एका खुर्चीभोवती गोळा झालेले असते. वरच्या खोल्या स्वच्छ असल्या तरी त्यांतली हवा साचलेली असते. उंचावरचा दिवा गेलेला असतो आणि तो तसाच राहिलेला असतो, कारण स्टुलावर चढणे आता धोक्याचे झालेले असते. गळका नळ दोरीने बांधलेला असतो. छतावरून पाणी वाहून नेणारी नळी पानांनी तुंबलेली असते आणि तिच्याखालच्या भिंतीवर ओलीचा नकाशा उमटलेला असतो. यातली एकही दुरुस्ती मोठी नसते. पण दहा वर्षे राहून गेलेल्या लहान दुरुस्त्या एकत्र आल्या म्हणजे त्यांची गोळाबेरीज मोठी होते. जॉन कॅम्पबेल, स्टेफानो जिल्यो आणि पराग पाठक या तीन अर्थशास्त्रज्ञांनी मॅसॅच्युसेट्स या अमेरिकी राज्यातील सुमारे 20 वर्षांचे घरविक्रीचे व्यवहार तपासून 2011 मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात विक्रेत्याच्या मृत्यूच्या आसपास विकली गेलेली घरे इतरांपेक्षा कमी भावाने जातात असे आढळले, आणि त्याचे एक संभाव्य कारण म्हणून त्यांनी वृद्ध मालकांकडून राहून गेलेल्या देखभालीकडे बोट दाखवले. मला त्या वाक्याचे आश्चर्य वाटले नाही. मालक थकतो तेव्हा घरही थकते, फक्त घराचा थकवा मोजता येतो.

अशा घरातून निघण्याची योग्य वेळ कोणती, असे मला अनेकांनी विचारले आहे. माझे उत्तर एकच असते: नवे घर पाहायला स्वतःच्या पायांनी जाता येते तोवर. यामागे केवळ शरीराचा प्रश्न नाही. ज्याने स्वतः जाऊन खिडक्या उघडून पाहिल्या, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलले, कोणते कपाट बरोबर न्यायचे आणि कोणते नाही हे ठरवले, त्याने घर बदललेले असते. ज्याला पडून हाड मोडल्यावर रुग्णालयातून थेट दुसरीकडे नेले आणि ज्याच्या मागे मुलांनी तीन आठवड्यांत घर रिकामे केले, त्याचे घर गेलेले असते. कागदावर दोन्हींना विक्रीच म्हणतात. आणखी एक कठोर बाब इथे सांगितली पाहिजे. मालकाची स्मृती आणि समज ढासळल्यावर त्याची सही वैध राहत नाही. समज गेल्यावरही कायद्याने टिकेल असे मुखत्यारपत्र आधीपासून केलेले नसेल तर कुटुंबाला न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि त्या काळात घर विकता येत नाही, राहायला कोणी नसते आणि सुश्रूषेचा खर्च मात्र चालू राहतो. ज्या कुटुंबांना हे कोणीतरी पाच वर्षे आधी सांगायला हवे होते, अशी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासमोर बसून आकडा लिहिताना माझा हात जड झाला आहे.

मृत्यूनंतरची विक्री ही याचीच पुढची पायरी. घर एक असते आणि वारस तिघे किंवा चौघे. एकाला पैसे आत्ता हवे असतात, एकाला घर तसेच ठेवायचे असते, एकजण दूर राहतो आणि पत्रांना उत्तर देत नाही. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते, आणि म्हणूनच तो वाद मिटत नाही. दरम्यान घर बंद राहते, आणि बंद घर थांबून राहत नाही. सांडपाण्याच्या नळीच्या वाकणात जे पाणी साचून दुर्गंधीला अडवते ते वापर नसल्यामुळे आटून जाते. एखादी बारीक गळती, जी राहत्या घरात दुसऱ्या दिवशी लक्षात आली असती, ती महिनोन्महिने चालू राहते. खिडक्या मिटलेल्या असल्याने ओल बाहेर पडत नाही आणि कपाटांच्या मागे बुरशी धरते. अनेक विमा करारांत घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ सलग रिकामे राहिले तर संरक्षण कमी होते किंवा थांबते, आणि हे कलम वारसांपैकी कोणीही वाचलेले नसते. दोन वर्षांनी सगळे विकायला तयार होतात तेव्हा ज्या किमतीवरून भांडण झाले होते ती किंमतच उरलेली नसते. मी एका घराचे मूल्यांकन अशा वादामुळे दोनदा केले आहे, मधे चार वर्षे गेली होती. पहिल्या वेळी भाऊ आणि बहीण वेगवेगळ्या खोल्यांत उभे होते. दुसऱ्या वेळी ते एकाच खोलीत होते, पण छताचा गिलावा जमिनीवर पडलेला होता.

घटस्फोटात अडचण वेगळी असते. घर ही एकच अशी वस्तू असते जी अर्धी करता येत नाही आणि जिच्यात दोघांची सर्वांत जास्त रक्कम अडकलेली असते. दोघांपैकी एकजण दुसऱ्याचा हिस्सा विकत घेऊन तिथेच राहतो, हा मार्ग ऐकायला सरळ वाटतो, परंतु आजवर दोन पगारांवर पेललेले कर्ज आता एका पगारावर मंजूर व्हावे लागते, आणि पुष्कळदा ते होत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की कर्ज दोघांच्या नावे असेल तर ‘हप्ते यापुढे मी भरीन’ हा त्या दोघांनी आपसांत केलेला करार बँकेला बांधत नाही. बँक लेखी मुक्त करेपर्यंत दोघेही देणेकरीच राहतात, आणि वेगळे होऊन तीन वर्षे झालेल्या माणसाला दुसऱ्याने चुकवलेल्या हप्त्याची नोटीस येते. म्हणून ज्यांना एकमेकांपासून खरोखर मोकळे व्हायचे असते ते बहुधा घर विकतात. अशा घरात माझ्या व्यवसायाची एक अवघड कसोटी लागते. घरात राहू इच्छिणाऱ्याला मूल्य कमी आलेले हवे असते, हिस्सा घेऊन जाणाऱ्याला जास्त, आणि दोघेही मला त्यांच्या त्यांच्या परीने घर दाखवतात. एकजण भिंतीतील तडा दाखवतो, दुसरा खिडकीतून येणारा उजेड. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि दोन्ही मी लिहिते. मुलांच्या खोलीत मात्र दोघेही मला एकटीला सोडतात, हे मी इतक्या वेळा अनुभवले आहे की आता त्या खोलीत मी लवकर मोजते आणि बाहेर येते.

कर्जामुळे होणाऱ्या विक्रीबद्दल लोकांची कल्पना चुकीची आहे. घराची किंमत कर्जाच्या शिल्लक रकमेखाली गेली की माणूस घर सोडून देतो, असे पुष्कळांना वाटते. मॅसॅच्युसेट्समध्येच 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा स्थितीत सापडलेल्या 1,00,000 हून अधिक मालकांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा त्यांच्यापैकी 10 टक्क्यांहूनही कमी लोकांची घरे जप्तीत गेल्याचे दिसले. किंमत पडल्यामुळे माणूस घर सोडत नाही. किंमत पडलेली असताना नोकरी जाते, दुखणे येते किंवा संसार मोडतो, असे दोन घाव एकत्र बसतात तेव्हा घर जाते. पहिला घाव एकटा असला तर माणूस हप्ते भरत थांबतो. दुसरा एकटा असला तर घर विकून, कर्ज फेडून, उरलेली रक्कम घेऊन बाहेर पडता येते.

आणि इथेच मला सर्वांत जास्त दुःख होते, कारण जिथे बाहेर पडता येत होते तिथेही लोक वेळेवर पडत नाहीत. पहिला हप्ता चुकतो तेव्हा तो लपवला जातो, कधीकधी जोडीदारापासूनही. दुसरे कर्ज काढून पहिल्याचा हप्ता भरला जातो. घर विकायला काढणे म्हणजे अपयश चारचौघांत जाहीर करणे असे वाटते, म्हणून शेजाऱ्यांना कळू नये यासाठी फलकही लावला जात नाही. त्या काळात दर महिन्याला व्याज, दंड आणि विलंबाचे आकार मिळून मालकाचा घरातला वाटा खात असतात. अखेर बँकेच्या सांगण्यावरून मी तिथे जाते तेव्हा विक्रेता मालक राहिलेलाच नसतो. वर उल्लेख केलेल्या 2011 च्या शोधनिबंधात जप्तीनंतर विकलेल्या घरांचा भाव सरासरी 27 टक्क्यांनी कमी आढळला होता. हप्ता भरता येणार नाही हे ज्या रात्री स्वतःला कळले, त्याच आठवड्यात बँकेशी बोलून घर बाजारात आणले असते, तर त्यातला मोठा भाग त्या कुटुंबाकडे राहिला असता. तो पुढच्या घराचे भाडे झाला असता, मुलांची फी झाला असता.

‘सध्या भाव चांगला आहे’ हे कारण मी एकटे कधीच खरे मानत नाही. ज्याला त्याच गावात, तेवढ्याच मोठ्या घरात राहायचे आहे त्याला चढ्या भावाने विकून चढ्या भावानेच घ्यावे लागते, आणि दलाली, कर, नोंदणी, सामान हलवणे, नव्या घराची डागडुजी एवढे सगळे मधल्या मध्ये जाते. नफा त्यालाच होतो जो लहान घरात जातो, स्वस्त भागात जातो किंवा भाड्याने राहायला तयार असतो. असा माणूस आयुष्यातली काही बाब आधीच बदलून बसलेला असतो. भाव हे त्याला बाहेर सांगण्याजोगे कारण मिळालेले असते.

उलट भाव आणि व्याजदर यांमुळे न विकण्याची जी कारणे तयार होतात, ती मला फार खरी वाटतात. अमेरिकेत 30 वर्षांच्या, स्थिर दराच्या गृहकर्जाचा सरासरी दर जानेवारी 2021 मध्ये 2.65 टक्क्यांपर्यंत उतरला होता आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तो 7.79 टक्क्यांवर गेला. ज्यांनी जुन्या दराने कर्ज घेऊन ठेवले होते त्यांना घर विकणे म्हणजे तो दर सोडून देणे होते, म्हणून खोली कमी पडत असूनही, गुडघे दुखत असूनही, कामाचे ठिकाण बदलूनही पुष्कळ जण जिथे होते तिथेच राहिले. दुसरा अडसर मनातला आहे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकातील बॉस्टनच्या सदनिकांचे व्यवहार तपासले तेव्हा असे दिसले, की ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमी भाव येण्याची शक्यता होती त्यांनी मागणीची किंमत, त्या संभाव्य तोट्याच्या 25 ते 35 टक्के इतकी, वर चढवून ठेवली होती. जे स्वतः त्या सदनिकेत राहत होते त्यांच्यात ही ओढ गुंतवणूकदारांच्या दुप्पट होती. आपण घर कितीला घेतले होते याच्याशी समोरच्या खरेदीदाराचा काहीही संबंध नसतो, हे समजावून सांगणे माझ्या कामातील सर्वांत कठीण संभाषण असते. मालक मला जुने खरेदीखत काढून दाखवतो. त्या कागदावरचा आकडा त्याच्यासाठी त्याच्या उमेदीच्या वर्षांचा हिशेब असतो, आणि मी त्याला तो विसरायला सांगत असते.

काही वेळा कारण मालकाच्या आयुष्यात नसते आणि घरातही नसते, ते खालच्या जमिनीत असते. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात 2010 आणि 2011 च्या भूकंपांनंतर जमीन इतकी खचली, की सरकारने सुमारे 8,000 घरांचा भाग निवासासाठी अयोग्य ठरवून ती घरे विकत घेण्याचा प्रस्ताव दिला. त्यांतली काही घरे राहण्याजोगी उभी होती. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील ओकवुड बीच या वस्तीतील रहिवाशांनी तर 2012 च्या सँडी वादळानंतर स्वतःच एकत्र येऊन, आमची घरे सरकारने विकत घ्यावीत आणि जागा पुन्हा पाणथळीला सोडून द्यावी, अशी मागणी केली. समुद्र आणि नद्या ज्या रीतीने बदलत आहेत ते पाहता हे कारण यापुढे वाढत जाईल असे मला वाटते, आणि अशा विक्रीत एकेकट्याने निघण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून निघणे अधिक न्यायाचे ठरते, कारण अर्धी वस्ती उठल्यावर मागे राहिलेल्यांच्या घरांना गिऱ्हाईकच उरत नाही.

शेजाऱ्यांचा त्रास, चोरी झाल्यावर मनात बसलेली भीती, घरात घडलेला एखादा मृत्यू, ही कारणे मला फक्त दाराशीच कळतात आणि मी ती कोणाला सांगत नाही. एवढेच म्हणते, की रात्री झोप न लागणे हे घर विकण्याचे पुरेसे कारण आहे, आणि त्याला दुसरे कुठले प्रतिष्ठित नाव देण्याची गरज नाही.

माझ्या आईवडिलांचे घर आम्ही विकले त्याला आता तीन वर्षे झाली. बाबा गेल्यानंतर आई तिथे पाच वर्षे एकटी राहिली. दादाचे म्हणणे होते की घर मोठे पडते; मी म्हणत होते की छताची दुरुस्ती आता न परवडणारी आहे. दोघांनीही आकड्यांत बोलायचे ठरवून टाकले होते, आणि आई ऐकून घेत होती. वरच्या मजल्यावर ओल आली होती हे मी दोन वर्षे पाहत होते, आणि इतरांना जे मी सहज सांगितले असते ते तिला सांगू शकले नव्हते. आपल्या नात्यातील मालमत्तेचे मूल्यांकन आपणच करणे योग्य नसते, म्हणून दुसऱ्या एका मूल्यांकनकाराला बोलावले. तो तरुण होता, कामाला नेटका होता. त्याने फीत लावली, भिंतींवर बोटांनी टकटक केले, कपाट ओढून मागची ओल पाहिली. मी जे इतकी वर्षे करत आले ते दुसरा कोणी आमच्या घरात करत असताना मी पहिल्यांदाच एका बाजूला उभी होते.

आई त्याच्या मागोमाग प्रत्येक खोलीत गेली. खालच्या खोलीत तिने त्याला सांगितले, की मुलांना वाटते घर मोठे आहे. त्याने मान हलवली आणि लिहीत राहिला. काम संपवून तो दाराशी आला तेव्हा ती त्याला म्हणाली, ‘संध्याकाळी दिवा लावल्यावर मी अजून ह्यांच्या येण्याची वाट बघते. आठ वर्षांपूर्वी ते आजारी पडले तेव्हापासूनची सवय आहे ती. या घरात राहीन तोवर ती जायची नाही, म्हणून विकतो आहोत.’

त्याने वही मिटलेली होती. त्याने ती पुन्हा उघडली नाही, पण तो लगेच निघालाही नाही. तिच्याबरोबर दारात उभा राहिला. मी आत जाऊन वरच्या मजल्याच्या खिडक्या लावल्या, आणि खाली आले तेव्हा आई त्याला बाबांनी कोणती भिंत स्वतःच्या हाताने रंगवली होती ते दाखवत होती.